क्षमा झाली, देणं राहिलं

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. आठ वर्षांपूर्वी ऑफिसच्या हिशेबात घोळ निघाला. चूक तुमच्या हातून झाली होती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं तेव्हा तुम्ही घाबरून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव घेतलंत. त्याची नोकरी गेली, तुमची राहिली. त्यानंतर तीन वेगवेगळ्या चर्चमध्ये, तीन वेगवेगळ्या फादरांकडे जाऊन तुम्ही कन्फेशन केलंत, म्हणजे पापाची कबुली दिलीत. तिघांनीही पापक्षमा दिली. तरी मन थाऱ्यावर नाही, आणि गेलं वर्षभर तुम्ही कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकरसुद्धा घेत नाही. त्यात दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जाणारा तुमचा मेहुणा म्हणाला, माणसासमोर पाप सांगून काय होणार, थेट देवाला सांग. म्हणून तुम्ही विचारताय: चौथ्यांदा कन्फेशनला जाऊ, की मेहुणा म्हणतो तेच बरोबर? देवाने मला खरंच क्षमा केली आहे का?

आणि मग कंसात एक ओळ टाकलीत: ‘तो हल्ली कुठे काम करतो ते मला ठाऊक आहे.’

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या कंसात आहे. वर जे लिहिलंय ते सगळं तुमचं आणि देवाचं बोलणं आहे, आणि देवाच्या बाजूने ते बहुधा केव्हाच आटोपलं आहे. ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्याच्याकडे मात्र आठ वर्षांत तुम्ही फिरकला नाहीत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार आहे. चौथं इंजेक्शनही पखालीलाच दिलंत तर गुण येणार नाही.

मी कॅथलिक धर्मगुरू आहे. कन्फेशन ऐकण्यात आयुष्याचा मोठा भाग गेला, स्वतःही नेमाने करतो. उत्तर जरा लांबणार आहे, पण त्यात कुणाचे किस्से सापडणार नाहीत. कन्फेशनमध्ये ऐकलेलं नाव गाळून, तपशील बदलूनही सांगू नये असं माझं मत आहे. वाचणाऱ्या एखाद्याला ‘हे माझंच तर नाही?’ अशी शंका आली तरी घात झाला. तेव्हा धर्मसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची शिकवण, बायबलमधले दाखले आणि कुणाही माणसात दिसतील अशा एक-दोन सवयी, एवढ्यावरच भागवतो.

आधी देवाच्या क्षमेचं बघू. कॅथलिक शिकवणीप्रमाणे कन्फेशनमध्ये माणसाने तीन गोष्टी करायच्या असतात: मनापासून पस्तावायचं, पाप सांगायचं आणि भरपाई करायची. धर्मगुरूने द्यायची ती पापक्षमा. ‘बरं वाटणं’ या यादीत कुठेच नाही. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1551 साली पश्चात्ताप म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हाही केलेल्या पापाचं दुःख, त्याचा तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय एवढंच मागितलं. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, छातीवरचं ओझं उतरलं पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. काहींना उतरल्यासारखं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही. पापक्षमा दोघांचीही सारखीच झालेली असते. म्हणून ‘शांतता नाही, म्हणजे क्षमा झाली नाही’ हा तुमचा हिशेब मला मान्य नाही. अस्वस्थता खोटी आहे असंही मी म्हणत नाही. ती खरी आहे. तिचं कारण तुम्ही भलतीकडे शोधताय, इतकंच.

आता मेहुण्याचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही. पापांची क्षमा देवच करतो, हे कॅथलिकही मानतात. शिवाय देवावरच्या प्रेमापोटी झालेला खरा पश्चात्ताप असेल आणि शक्य होईल तितक्या लवकर कन्फेशन करायचा निश्चय असेल, तर कन्फेशनच्या आधीच गंभीर पापाचीही क्षमा होते, ही आमचीच शिकवण आहे. मग फादरांसमोर कशाला? आमचं उत्तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात आहे. पुन्हा उठलेला ख्रिस्त शिष्यांवर श्वास फुंकतो आणि पापांची क्षमा करण्याचा, न करण्याचा अधिकार त्यांच्या हाती देतो. तो अधिकार कसा वापरायचा याची रीत मात्र बदलत आली आहे. पहिल्या काही शतकांत मूर्तिपूजा, खून, व्यभिचार यांसारख्या पापांसाठी बिशपांच्या देखरेखीखाली, साऱ्या मंडळीला दिसेल असं दीर्घ प्रायश्चित्त करावं लागे. एकट्याने, गुपचूप, पुन्हा पुन्हा कन्फेशन करण्याची पद्धत मुख्यतः आयरिश मठवासीयांनी युरोपभर पसरवली. वर्षातून एकदा तरी कन्फेशन करायचं, हा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. दोघांच्या मध्ये जाळी असलेली लाकडी खोली तर 16 व्या शतकात रूढ झाली. त्या खोलीचा आणि पापक्षमेचा काही अतूट संबंध आहे असं समजू नका. समोरासमोर खुर्चीवर बसून केलेलं कन्फेशनही तितकंच खरं.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ज्या मार्टिन ल्यूथरचं नाव अशा वादात हटकून निघतं, त्याने कन्फेशन टाकून दिलं नव्हतं. त्याच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत पाप कसं कबूल करावं याचा भाग आहे, आणि त्याच्या अनुयायांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासनाम्यात खाजगी पापक्षमा चर्चमध्ये चालू ठेवावी असं स्पष्ट लिहिलं आहे. एकूण एक पापाची यादी वाचलीच पाहिजे, ही सक्ती त्यांना नको होती. अँग्लिकन लोक म्हणतात, कन्फेशन कुणीही करावं, काहींनी जरूर करावं, सक्ती कुणावर नाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहून बोलतो आणि धर्मगुरू बाजूला साक्षीदार म्हणून असतो. मेहुण्याच्या चर्चमध्ये यातलं काहीच नसेल, पण याकोबाच्या पत्रातलं ‘एकमेकांजवळ पापं कबूल करा’ हे वाक्य त्यांच्याही बायबलमध्ये आहे.

या वादात मला अनुभवातून पटलेलं कारण अगदी साधं आहे. देवाशी एकट्याने बोलताना शब्द आपणच निवडतो आणि ‘म्हणजे नक्की काय केलंस?’ असं मध्येच विचारणारं कुणी नसतं. आणि ‘पिता व पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांची क्षमा करतो’ हे शब्द आपल्या डोक्यातून न येता बाहेरून कानावर येतात, तेव्हा ते आपणच आपली घातलेली समजूत राहत नाहीत.

पण एक बघा. मेहुण्याचा सल्ला मानलात तरी तुमचं भागणार नाही. थेट देवाला सांगा नाहीतर फादरांमार्फत सांगा, दोन्ही वाटा त्या सहकाऱ्याच्या घराला वळसा घालूनच जातात.

आता मी तुम्हाला विचारतो. त्या तिन्ही वेळी तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

सर्वसाधारण सवय म्हणालो होतो, ती ही. पाप सांगताना माणूस वाक्य तासत जातो. ‘माझी चूक झाकायला मी एका निर्दोष माणसाचं नाव घेतलं आणि त्याची नोकरी गेली’ हे वाक्य घरून निघताना डोक्यात असतं. रांगेत उभं राहिल्यावर त्याचं ‘माझ्यामुळे एका सहकाऱ्याला त्रास झाला’ होतं. गुडघे टेकले की ‘कामाच्या ठिकाणी खोटं बोललो’ एवढंच तोंडातून निघतं, तेही ‘रागावलो, प्रार्थना चुकवली’ यांच्या मध्ये, घाईघाईने. ऐकणाऱ्याला ते रोजचंच खोटं वाटतं. मागे रांग असते, तो दोन-तीन प्रार्थनांचं प्रायश्चित्त सांगतो, पापक्षमा देतो आणि माणूस जसा आला तसा उठून जातो.

ट्रेंटच्या परिषदेनेच सांगून ठेवलंय की गंभीर पापं कोणत्या प्रकारची, किती वेळा, आणि पापाचं स्वरूप बदलून टाकणारी परिस्थिती काय होती, हे सांगावं. रंगवून सांगायची गरज नाही. केबिनमध्ये काय काय बोलणं झालं, त्या दिवशी कोण कोण हजर होतं, हे कुणी विचारत नाही. पण ‘खोटं बोललो’ आणि ‘खोटा आळ घेऊन एकाची भाकरी घालवली’ ही दोन वेगळी पापं आहेत.

तुमच्या बाबतीत काय झालं ते तुम्हालाच माहीत. पूर्ण सांगितलं असेल तर ते पाप पुन्हा सांगायची गरज नाही, विषय संपला. घाबरून, गोंधळून, शब्द न सुचल्याने अर्धवट राहिलं असेल तरी झालेली क्षमा रद्द होत नाही, फक्त पुढच्या वेळी तेवढं नीट सांगायचं. मात्र फादरांना कळू नये म्हणून जाणूनबुजून लपवलं असेल, तर ते कन्फेशन झालंच नाही असं धर्मसभा मानते, आणि मग चौथ्यांदा जायला हवं. यातलं कुठलं, हे मी इथून ठरवू शकत नाही. तुम्हाला आठवत असेल. वाक्य आठवा, म्हणजे कळेल.

त्या तिघांपैकी एकाने तरी ‘मग त्या माणसाचं पुढे काय झालं?’ असं विचारलं का? तुमच्या लिहिण्यात तसं कुठे दिसत नाही. वाक्य पूर्ण असतं तर हा प्रश्न आला असता असं मला वाटतं. म्हणून माझा कल ‘अर्धवट राहिलं’ इकडे आहे, पण हा नुसता अंदाज.

आता मुख्य गोष्ट, भरपाई. प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या ‘नमो मारिया’ या प्रार्थना म्हटल्या की भरपाई झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सरळ म्हटलंय की पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली सगळी नासधूस त्याने भरून येत नाही. चोरलेलं परत करणं, बदनाम केलेल्याची अब्रू पूर्ववत करणं हे करावंच लागतं. त्याच ग्रंथात सत्याविरुद्धच्या पापांबद्दल असंही आहे की पापाची क्षमा झालेली असली तरी भरपाईचं कर्तव्य सुटत नाही. संत ऑगस्टीन एका पत्रात याहून कडक बोलतात: परत करता येण्यासारखी वस्तू परत न करणाऱ्याने पश्चात्ताप केलेला नसतो, पश्चात्तापाचं सोंग केलेलं असतं.

हे काही नंतर जोडलेलं नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्यासाठी क्रम दिला आहे: पाप कबूल करायचं, घेतलेलं पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ते ज्याचं नुकसान केलं त्याला द्यायचं. तो माणूस हयात नसेल आणि घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तेव्हाच ते परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे जमा होतं. देवाचा नंबर तिथे शेवटी लागतो हे लक्षात घ्या. तुम्ही देवापासून सुरुवात करून तिथेच थांबलात.

तुमचं पाप पैशाचं नाही, नावाचं आहे, आणि नावाची भरपाई जास्त अवघड. इथे जुने नीतिशास्त्रज्ञ एक भेद करतात तो उपयोगी आहे. एखाद्याचा खरा दोष विनाकारण चव्हाट्यावर आणला, तर ‘ते खोटं होतं’ असं म्हणता येत नाही, कारण ते खरंच असतं. तिथे त्याच्याबद्दल चांगलं बोलणं, विषय न वाढवणं, एवढंच हाती राहतं. खोटा आळ घेतला असेल तर रस्ता सरळ आहे आणि कडूही आहे: ज्यांच्यासमोर घेतला त्यांच्यासमोर मागे घ्यायचा. धर्मसभेच्या 1983 च्या कायद्यात हे एका प्रकरणापुरतं स्पष्ट लिहिलं आहे. कन्फेशनच्या आडून गैरवर्तन केल्याचा खोटा आरोप एखाद्या निर्दोष धर्मगुरूवर केला असेल, तर तो रीतसर मागे घेऊन नुकसान भरून द्यायची तयारी दाखवल्याशिवाय त्या माणसाला पापक्षमा द्यायची नाही. फादरांच्या अब्रूसाठी पापक्षमा अडवणारी अशी ओळ लिहिली आणि बाकीच्यांच्या अब्रूसाठी नाही, हे मला थोडं खटकतं. पण त्यामागचं तत्त्व सगळ्यांना लागू आहे.

सगळ्याच प्रकरणांत जाऊन सांगावं असं मात्र मी म्हणत नाही. काही पापं अशी असतात की ज्याच्याविरुद्ध केली त्याला त्यांचा पत्ताच नसतो, आणि सांगून टाकल्याने आपलं मन हलकं होतं पण त्याच्या आयुष्यात नवी आग लागते. तिथे मी बहुतेक वेळा थांबा म्हणतो. तुमचं तसं नाही. आपली नोकरी गेली हे त्याला ठाऊक आहे, आपण निर्दोष होतो हेही ठाऊक आहे. दोषी कोण आणि आपलंच नाव का आलं, एवढंच त्याला ठाऊक नाही. तुम्ही सांगितल्याने त्याचं काही जाणार नाही. उलट नवीन नोकरी शोधताना ‘आधीची का सोडलीत?’ या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे खरं उत्तर नसेल, ते त्याला मिळेल.

कसं करायचं? मी आधी पत्र सुचवतो. त्याच्या आत्ताच्या कामाच्या ठिकाणी तर मुळीच जाऊ नका. चार लोकांसमोर त्याला कोंडीत पकडण्यासारखं होईल ते. पत्र वाचून तो रागावू शकतो, फाडू शकतो, आठवड्याने पुन्हा वाचू शकतो. ती मोकळीक त्याची आहे. मजकूर साधारण असा:

‘तेव्हा हिशेबात सापडलेली चूक माझी होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यामुळे तुमची नोकरी गेली. हेच मी कंपनीला लेखी कळवत आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुमचं जे नुकसान झालं त्यातलं मला भरून देता येईल तेवढं द्यायची माझी तयारी आहे. मी तुमची माफी मागतो. तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.’

याहून फार वाढवू नका. ‘त्या वेळी माझ्या घरी अडचण होती’ नको. अडचण त्याच्याही घरी आली, तुमच्यामुळे. ‘आठ वर्षं मला झोप नाही’ नको. ते वाचून तुमचं सांत्वन करायची जबाबदारी त्याच्यावर पडते. ‘तुमचं मन दुखावलं असेल तर’ यातला ‘तर’ तर अजिबात नको. आणि ‘देवाने मला क्षमा केली आहे’ हे चुकूनही लिहू नका. ज्याचं नुकसान केलं त्याच्या आधी दुसऱ्या कुणीतरी सोडून दिलं, असं त्याच्या कानाला ऐकू येईल.

कंपनीला लिहिणं हा भाग टाळावासा वाटेल. पण त्याच्याकडे एकट्याकडे खाजगीत माफी मागितलीत तर त्याचं नाव साफ होत नाही. निनावी पत्रही चालणार नाही. चोरलेले पैसे धर्मगुरूमार्फत, नाव न सांगता परत करता येतात आणि तसे केलेही जातात. पण ‘तो माणूस निर्दोष होता’ असं लिहिणाऱ्याचं नाव खाली नसेल तर त्या कागदाला कोण विचारतो?

आता जोखीम. तुमची आत्ताची नोकरी जाऊ शकते, हिशेबाच्या प्रकरणात कायदेशीर अडचणही येऊ शकते. किती, ते तुमच्या कंपनीवर, तिथल्या कायद्यावर आणि रकमेवर अवलंबून आहे. म्हणून पत्र टाकण्याआधी वकिलाशी बोला. त्यात कमीपणा नाही. पोलिसांत हजर होण्याच्या अटीवर पापक्षमा देण्याचा अधिकार कुठल्याही फादरांना नाही; व्हॅटिकनच्या प्रायश्चित्तविषयक न्यायमंडळाने 2019 मधल्या निवेदनात हे पुन्हा स्पष्ट केलं आहे, आणि त्यातच हेही म्हटलंय की प्रामाणिक पश्चात्ताप आणि सुधारण्याचा निश्चय हे कन्फेशनचे गाभ्याचे भाग आहेत. वकील कदाचित ‘काही लिहूच नका’ म्हणतील. धोका दाखवणं हे त्यांचं काम. कुठल्या शब्दांत, कोणामार्फत, कोणत्या क्रमाने, हे त्यांच्याकडून जरूर ठरवून घ्या. पण करायचं की नाही, हा निर्णय त्यांच्यावर ढकलू नका. त्या माणसावर अजूनही एखादी केस किंवा ठपका चालू असेल, तर गोष्ट फार तातडीची होते. मग महिनोन्‌महिने मसुदा घोटत बसायला वाव नाही.

आणि बायकोला आधी सांगा. पत्राचे परिणाम घरावर येणार आहेत, ते तिला टपालातून कळू नयेत.

तो क्षमा करेल का? सांगता येत नाही, आणि तो त्याचा प्रश्न आहे. जक्कय या जकातदाराची गोष्ट आठवा, लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातली. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट, असं तो उभा राहून जाहीर करतो. येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. ज्यांना चौपट मिळालं त्यांनी जक्कयाला मिठी मारली असं मात्र लूक कुठेही लिहीत नाही. लिहितो ते एवढंच, की लोक कुरकुर करत होते. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करावी, ही शिकवण त्या सहकाऱ्यालाही लागू आहे, पण ती त्याला ऐकवणारे तुम्ही नव्हेत.

दावीद राजाचं 51 वं स्तोत्र तुम्ही म्हणत असाल. त्यात तो देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. पुष्कळजण हे वाक्य आपल्या सोयीने घेतात: पाप देवाविरुद्ध, मिटवणं देवाबरोबर, माणसाचा संबंध नाही. पण नाथान संदेष्टा दावीदासमोर येऊन उभा राहिला तेव्हा उरीया, ज्याची बायको दावीदाने घेतली होती तो, दावीदाच्याच हुकमाने रणांगणावर मारला गेलेला होता. दावीदाला जाऊन माफी मागायला कुणी उरलंच नव्हतं. तुमचा माणूस जिवंत आहे, कुठे काम करतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं केल्यावरही मन कुरतडत राहिलं तर? तेव्हा मी दुसऱ्या शक्यतेचा विचार करेन. काही माणसांना पापाच्या शंकेचा आजारच जडतो. लोयोलाचे संत इग्नेशियस मनरेसा गावी असताना जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत, तरी काहीतरी राहिलंच असं त्यांना वाटे, आणि जीव द्यावा इथवर त्यांचं मन गेलं होतं. अशा माणसाला आम्ही उलटा सल्ला देतो: एकच फादर धरा, ते ‘पुरे’ म्हणाले की पुरे, मागचं उकरू नका. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवतो. तुमचं तसं मला वाटत नाही. शंकेखोर मन आज या पापावर तर उद्या त्या पापावर उड्या मारतं. तुमचं मन आठ वर्षं एकाच माणसापाशी अडून आहे, आणि तिथे करण्यासारखं काम खरोखरच बाकी आहे.

आता चौथं कन्फेशन. जा, पण नव्या चौथ्या फादरांकडे नको. तिघांपैकी ज्यांच्याशी बोलायला बरं वाटलं त्यांच्याकडे, रांगेत नाही, वेळ मागून घेऊन. पूर्ण वाक्य सांगा, भरपाई राहिली आहे हे सांगा, आणि पत्र कधीपर्यंत लिहिणार ती तारीखही सांगा. प्रायश्चित्त म्हणून हेच काम घेता येईल का, असं विचारलंत तरी चालेल. कन्फेशनची गुप्तता इतकी कडक आहे की जाणूनबुजून ती मोडणारा फादर त्याच क्षणी धर्मसभेतून बहिष्कृत होतो. नंतर वाटेत भेटल्यावर तुमच्याशीसुद्धा तो विषय त्यांना आपणहून काढता येत नाही. त्यामुळे पत्राच्या मसुद्यात त्यांची मदत हवी असेल तर कन्फेशनच्या बाहेर, नव्याने, तुम्हीच विषय काढा. आणि त्यांनी ‘जुनं झालं, सोडून द्या’ असं म्हणून वाटेला लावलं, तर मात्र फादर बदला. येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कार्योत, त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी घेऊन याजकांकडे परत गेला होता, निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं असंही त्याने म्हटलं होतं. समोरचे याजक म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. असं उत्तर देणाऱ्यापाशी थांबायचं कारण नाही.

कम्युनियनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. पापक्षमा झाली आणि भरपाईचा निश्चय पक्का असेल, तर त्याच रविवारी कम्युनियन घ्या. कुणी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 5 वा अध्याय काढून दाखवेल: वेदीवर अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तिथे ‘जा’ असं सांगितलंय, आणि जाणं तुमच्या हातात आहे. त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं वेदीपासून दूर राहायची गरज नाही. ठरवलेली तारीख उलटून गेली आणि पत्र अजून खणातच असेल, तर पुन्हा कन्फेशनला या, पण आठ वर्षांपूर्वीचं पाप घेऊन नको. ‘लिहीन म्हणालो होतो, लिहिलं नाही’ एवढंच घेऊन या, मग पुढचं बोलू.